नोकरी सोडू, घर बदलू, की रोज अशीच जात राहू?

पत्र थोडक्यात: वय ३४. राहतात बदलापूरला, नोकरी मुंबईत फोर्टमध्ये एका खासगी कंपनीच्या अकाउंट्सला, दहाएक वर्षं झाली. घरात नवरा, पहिलीतला मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याची नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, बाईकने वीस मिनिटं. फ्लॅट दोघांच्या नावावर, लोन अजून बारा वर्षं चालणार. ताई सकाळी सातला पाच कमी असताना घर सोडतात, ऑफिसचा इनटाइम साडेनऊ, संध्याकाळी सहाला निघून घरी पोचायला साडेआठ. लोकल लेट झाली की लेटमार्क, तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कट. साहेब म्हणतात अजून लवकरची गाडी पकडा. कंपनीचं एक छोटं ऑफिस ठाण्याला आहे पण "तिथे अकाउंट्सचं कोणी बसत नाही". मध्यंतरी घाटकोपर यायच्या आधी डब्यात चक्कर आली, बायकांनी धरून बसवलं, तेव्हापासून गाडी प्लॅटफॉर्मला लागताना दिसली की छातीत धडधडतं, दोनदा स्टेशनवरून घरी परत आल्यात. सासूबाई म्हणतात सोड नोकरी. बदलापुरातच एका सीएकडे २० हजारांचं काम मिळतंय, आत्ताचा पगार ४२ हजार. नवरा म्हणतो दोन-तीन वर्षं कळ काढ, नवीन लाईन होईल, मेट्रो येईल. मैत्रिणी म्हणतात डोंबिवली-ठाण्याला भाड्याने ये. डब्यातल्या ग्रुपमधल्या बायका म्हणतात सवय होते गं. ताईंचा प्रश्न: यातलं काय करू, आणि बाकी सगळ्या जातात, मलाच जमत नाही म्हणजे मी कमजोर आहे का?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मला वाटतं बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या खाली दबलेत. नाही, कमजोर नाही तुम्ही. गर्दीच्या वेळी आपल्या लोकलमध्ये एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात आणि रेल्वेच्या भाषेत याला वेगळं नावच आहे, सुपर डेन्स क्रश लोड. म्हणजे साध्या गर्दीचे शब्द पुरेनात म्हणून नवीन शब्द काढावा लागला. त्यात दीड तास उभं राहून एखाद्या दिवशी शरीराने नाही म्हटलं तर त्यात नवल काय. आणि "बाकीच्या सगळ्या जातात" हेही तितकंसं खरं नाहीये, कारण ज्यांना जमलं नाही त्या डब्यात दिसत नाहीत ना. कोणी नोकरी सोडली, कोणी बदलापुरात ट्यूशन घेते, कोणी कल्याणला कमी पगारावर लागली. डब्यात ज्या उरल्यात त्यांच्याकडे बघून तुम्ही स्वतःला मोजताय.

पण चक्कर आणि धडधड या दोन गोष्टी "गर्दीमुळे झालं" म्हणून सोडून देऊ नका. आधी फॅमिली डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, थायरॉईड एवढं बघून घ्या. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे भरून स्वतः चहा-बिस्किटावर निघणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्यात की माझा पहिला संशय तिथेच जातो. रिपोर्ट नीट आले आणि तरी गाडी दिसली की धडधडतंच असेल तर डॉक्टरला ते तसंच्या तसं सांगा, "भीती वाटते, परत आले" असं, लाजू नका, त्यावर उपचार असतात आणि बरेचदा थोडक्यात काम होतं. बाकी निर्णय काहीही घेतलात तरी हे करायचंच आहे.

आता साहेबांचं वाक्य, अजून लवकरची गाडी पकडा. ऐकायला बरोबर वाटतं, आणि तुम्हीही ते मनातून मान्य केलंय म्हणून दर लेटमार्कला स्वतःला दोष देताय. पण जरा बघा गाडी लेट का होते. बदलापूर ते कल्याण आजही दोनच रूळ आहेत, एक जायला एक यायला, आणि त्याच दोन रुळांवर कर्जत-खोपोलीच्या लोकल, तुमच्या बदलापूर-अंबरनाथच्या लोकल, पुण्याकडून-दक्षिणेकडून रात्रभर धावत आलेल्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या, सगळं. एक्सप्रेस लेट झाली की कधी लोकलला बाजूला थांबवतात, कधी लोकल तिच्या मागे रांगेत. मग कल्याणला नाशिक-कसाऱ्याकडून येणारी अख्खी वाहतूक येऊन मिळते. पुढे कुर्ल्यापर्यंत सहा रूळ आहेत तिथे जरा श्वास मिळतो आणि कुर्ल्यानंतर परत चार. यात कुठेही सिग्नल गेला, थंडीत रुळाला तडा गेला, पावसात सायन-कुर्ल्याला पाणी भरलं, कोणी चेन ओढली की मागचं सगळं थांबलं. म्हणजे वीस मिनिटं लवकर निघून तुम्ही फक्त रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या उशिरावर उपाय करता, ज्या दिवशी खरा गोंधळ असतो त्या दिवशी लवकरवाली पण तिथेच अडकते. आधीच अडीच तास धरून निघणाऱ्या माणसाला अजून लवकर निघ म्हणणं हा सल्ला नाही, ती जबाबदारी ढकलणं आहे.

आणि इथे मला जे म्हणायचंय ते असं की लोकलचं टाइमटेबल तुम्ही, मी, तुमचे साहेब कोणीच बदलू शकत नाही, पण साडेनऊचा इनटाइम? तो तर कोणीतरी एका केबिनमध्ये बसून ठरवलाय. आपण सगळे उलटं करतो, गाडीशी रोज भांडतो आणि ऑफिसची वेळ मात्र वरून लिहून आल्यासारखी मानतो. तुमच्या चार पानी पत्रात एकदाही नाहीये की मी ऑफिसात वेळ बदलून मागितली आणि नाही म्हणाले. विचारलंच नाहीये ना?

विचारायला आधारही आहे. मध्य रेल्वेनेच नोव्हेंबर २०२३ मध्ये सीएसएमटीच्या आपल्या स्वतःच्या कार्यालयातल्या लोकांना दोन वेळांचा पर्याय दिला, साडेनऊ ते पावणेसहा किंवा साडेअकरा ते पावणेआठ, आणि बाकीच्या ऑफिसांनाही वेळा बदला म्हणून आवाहन केलं. जो गाड्या चालवतो तोच म्हणतोय की सगळ्यांनी एकदम येऊ नका. दुसरं म्हणजे तुम्ही दहा वर्षं तिथे आहात, म्हणजे कोविडमध्ये होतात. मार्च २०२० ला लोकल सामान्य माणसाला बंद झाली, १ फेब्रुवारी २०२१ ला ठराविक वेळांपुरती उघडली, एप्रिलमध्ये परत बंद, आणि १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना मिळाली. एवढे महिने तुमच्या कंपनीचा जीएसटी भरला गेलाच, पगार झालेच, ऑडिट झालंच. कुठे बसून झालं हे तुम्हालाच माहीत, बहुतेक तुमच्याच डायनिंग टेबलवर. हे साहेबांना ऐकवायचं नाहीये, पण "अकाउंट्सचं काम घरून होऊच शकत नाही" असं कोणी म्हणालं तर आठवण करून द्यायची.

मागायचं काय, तर "थोडी सवलत द्या" असं मोघम मागू नका, मोघम मागितलं की मोघम उत्तर येतं. साडेनऊचे दहा करून घ्यायलाही जाऊ नका, त्याने लेटमार्क वाचतील पण गर्दी तीच राहील. वेळ सरकवायची तर तास-दीड तास तरी सरकली पाहिजे. तुमच्या बाबतीत मला आठ ते साडेचार बरं वाटतं, कारण सकाळी साडेपाचच्या आसपासची गाडी धरलीत तर बसायला मिळायची शक्यता चांगली आणि संध्याकाळी पाचच्या आत सीएसएमटीला पोचलात तर गर्दी फुटायच्या आधी खिडकी नाही तरी सीट मिळेल, घरी साडेसहा-सातला. अकरा ते साडेसात मागणाऱ्यांचंही बरं चालतं, पण पहिलीतल्या मुलाची आई रात्री दहाला घरी पोचणार असेल तर नको. अर्थात आठला पोचायचं म्हणजे सकाळी मुलाला उठवणं, आंघोळ, डबा, शाळा हे सगळं नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे जाणार. त्यावर नंतर येते.

सोबत आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम मागा, आणि तिसरी गोष्ट ते ठाण्याचं ऑफिस! तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत आणि पुढे निघून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, ठाणे ३४, म्हणजे बरोब्बर अर्ध्यात. तिथे अकाउंट्सचं कोणी बसत नाही म्हणजे बसू शकत नाही असं थोडंच आहे, एक टेबल, एक लॅपटॉप आणि सर्व्हरचा ॲक्सेस लागतो. आठवड्यातून दोन दिवस ठाणे, दोन दिवस फोर्ट, एक दिवस घर, शनिवार जो असेल तो, असं काहीतरी जमवून बघा.

मेल लिहाल तेव्हा लोकल किती भयंकर आहे यावर एक ओळही नको. साहेबांना माहितीये, तेही कुठूनतरी येत असतील, आणि नसतील येत तर त्यांना वाचून कळणार नाही. कामाबद्दल लिहा. साधारण असं: "सर, सकाळी आठ ते साडेनऊ ऑफिसमध्ये फोन नसतात, त्या वेळेत बँक रिकन्सिलेशन आणि व्हेंडर पेमेंटचं काम जास्त वेगाने होईल. मंथ एंडचे चार दिवस मी पूर्णवेळ फोर्टला असेन. तीन महिने ट्रायल घेऊ, काम मागे पडलं तर मी जुन्या वेळेवर परत येईन." ट्रायल हा शब्द महत्त्वाचा, कायमचं हो म्हणायला माणसं घाबरतात, तीन महिन्यांना म्हणतात. त्याआधी एक महिना साधी नोंद ठेवा, गाडी किती वाजता यायची होती, किती वाजता आली, ऑफिसला किती वाजता टेकलात. एम-इंडिकेटर किंवा यात्री ॲपवर उशीर दिसतो त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. लेटमार्कच्या वेळी हे पुढे ठेवून विचारता येतं की महिन्यातून मिळून एवढी मिनिटं ग्रेस द्याल का, संध्याकाळी भरून देते. आणि ऑफिसात अजून कोण कर्जत, आसनगाव, विरारवरून येतं ते बघून दोघा-तिघांनी मिळून मागितलंत तर एकटीची तक्रार राहत नाही. नाही म्हणाले तर? म्हणू देत. मग नोकरी बदलायचा विचार करताना तुमच्या मनात "मी प्रयत्नच केला नाही" हे राहणार नाही, आणि फोर्टमधल्याच दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगाराआधी वेळ विचारायची हे कळेल.

आता बदलापुरातली २० हजारांची नोकरी. सासूबाईंना ती २२ हजारांचं नुकसान न वाटता सुनेची सुटका वाटते, त्यात वाईट काही नाही, त्यांना तुमची काळजी आहे. हिशोब असा करा. रोज जाऊन-येऊन पाच तास, महिन्याचे २४ दिवस धरले तर १२० तास. म्हणजे जास्तीचे २२ हजार तुम्हाला प्रवासाच्या तासाला १८० रुपयांच्या आसपास पडतात, त्यातून पास, स्टेशनची रिक्षा, कट झालेले अर्धे पगार वजा. हे वाचून पहिल्यांदा वाटेल की मग सोडावीच. पण थांबा, हा हिशोब आजचा आहे. फोर्टच्या नोकरीत पीएफ असेल, मेडिक्लेम असेल, इन्क्रिमेंट असेल, दहा वर्षांची ओळख आहे. सीएकडे यातलं काय आहे ते विचारलंत का? मार्च ते सप्टेंबर सीएच्या ऑफिसात किती वाजेपर्यंत बसतात ते तिथे काम करणाऱ्या मुलींना विचारा, नाहीतर घर पाच मिनिटांवर आणि पोचायला नऊच वाजायचे. आणि लोनचा हप्ता दोघांच्या पगारावर ठरलाय, तो २० हजारात कसा बसेल हे कागदावर मांडल्याशिवाय हो म्हणू नका. दमून भागून नोकरी सोडणाऱ्या बायकांना मी कधी चुकीचं म्हणणार नाही, फक्त चक्कर आली त्या आठवड्यात राजीनामा देऊ नका, राजीनामा शांत डोक्याने द्या.

घर बदलायचं म्हणाल तर मैत्रिणींच्या सल्ल्यात एक मोठी गोम आहे. जवळ आलं म्हणजे सोपं झालं असं लोकलमध्ये होत नाही. बदलापूरला निदान तिथूनच सुटणाऱ्या गाड्या आहेत, रांगेत उभं राहिलं, एखादी सोडली तर बसायला मिळतं. डोंबिवलीला सकाळी आठला फास्ट पकडायची म्हणजे बसायचं सोडा, आत शिरणं हेच काम, दिवा-मुंब्र्याची तर बातच सोडा. तेवढ्यासाठी डोंबिवलीची माणसं उलटी कल्याणला जाऊन बसून येतात आणि तुमच्याकडे अंबरनाथ-उल्हासनगरच्या बायका बदलापूरपर्यंत रिटर्न येतात. (त्यांच्यावर तुम्ही रागावलायत ते वाचलं. त्यांचा बदलापूरपर्यंतचा पास असेल तर त्या बसणारच, तुम्ही अंबरनाथला असता तर तुम्हीही तेच केलं असतं. हे भांडण गाड्या कमी आहेत म्हणून आहे, बाया वाईट आहेत म्हणून नाही.) त्यामुळे घर बदलायचं तर नुसतं नकाशावरचं अंतर बघू नका, तिथून गाडी सुटते का ते बघा. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकल आहेत, तासभर लागेल पण बसून जाल. भाडं ठरवायच्या आधी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या स्टेशनवर उभ्या राहून बघा, दुपारी घर बघायला गेलात तर सगळी स्टेशनं छानच दिसतात.

आणि इथे तो मघाशी नंतरसाठी ठेवलेला घरच्यांचा विषय येतो. बदलापूर का निवडलं? पत्रात लिहिलंय, "यांना कंपनी जवळ आणि तेव्हा बजेटमध्ये बसलं". ठीक आहे, बहुतेकांचं घर असंच ठरतं. पण यात ६८ किलोमीटर सगळे तुमच्या वाट्याला आले आणि वीस मिनिटं यांच्या, आणि घरात हे कोणी ठरवून केलं नाही म्हणून कोणी त्यावर बोलतही नाही. समजा उलटं असतं, यांची नोकरी फोर्टला आणि तुमची अंबरनाथला, तर एव्हाना घर बदलायची चर्चा झाली असती का? मी भांडण लावत नाहीये. फक्त एवढंच लक्षात घ्या की ठाणे-मुलुंडला घर घेतलंत तर नवरा सकाळी अंबरनाथला जाणार तो गर्दीच्या उलट्या दिशेने, डाऊनला, आणि त्या वेळी डाऊनच्या गाड्यांना अपच्या मानाने खूपच कमी गर्दी असते. म्हणजे त्यांचा तास-सव्वा तास वाढेल, पण माणसासारखा बसून. तुमच्या घरात हा पर्याय कधी कोणी मांडलाय असं पत्रावरून वाटत नाही, कारण सगळ्यांनी धरूनच चाललंय की प्रवास हा तुमचा प्रश्न आहे.

पैशाने ते जमेल का माहीत नाही, तुम्हीच बघा. बदलापूरचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या, ते भाडं आणि ठाण्याचं भाडं यातला फरक म्हणजे खरा खर्च. त्यातून सुटलेले लेटमार्क, रिक्षा वजा करा, डिपॉझिट आणि ब्रोकरेज वेगळं धरा. सासूबाईंचं सगळं बदलापुरात आहे, भजनी मंडळ, डॉक्टर, शेजार, त्यांना न विचारता हे करू नका. मुलाची शाळा जूनमध्येच बदलता येते, म्हणजे तुमच्याकडे विचाराला वेळ आहे, घाईने काही करायचं कारण नाही.

नवऱ्याचं दोन-तीन वर्षं कळ काढ, यावर मी जरा स्पष्ट बोलते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या रुळाचं काम चालू आहे हे खरं, झालं की फरक पडेल हेही खरं. पण ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन २००८ च्या सुमारास मंजूर झाली आणि चालू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्याच वेळच्या योजनेतली कुर्ला-सीएसएमटी पाचवी-सहावी अजून पूर्ण नाही. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो कागदावर आहे. रेल्वेचे लोक काही झोपलेले नाहीत, झोपड्या, जमिनी, पूल, चालू गाड्यांमध्ये मिळणारे तास-दोन तासांचे ब्लॉक, यात काम करायचं म्हणजे वेळ लागतोच. म्हणून लाईन झाली तर बोनस समजा, तिच्या तारखेवर स्वतःच्या तब्येतीचं प्लॅनिंग करू नका. यांना सांगा की तोपर्यंत आपण काय करायचं ते बोलू. आणि एक करा, एखाद्या कामाच्या दिवशी त्यांना रजा टाकून तुमच्याबरोबर यायला सांगा, जनरल डब्यातून, तुमच्याच गाडीने, फोर्टपर्यंत आणि संध्याकाळी परत. त्या रात्री हा विषय काढा. मेगाब्लॉकच्या रविवारी नको, त्या दिवशीची गर्दी वेगळी.

हे सगळं ठरेपर्यंत जायचं तर आहेच, म्हणून पटापट काही सांगते. कर्जत-खोपोलीवरून भरून येणारी सोडा, बदलापूरहून सुटणारी धरा, भले दहा मिनिटं आधी जावं लागलं तरी. दारात उभं राहायचं नाही म्हणजे नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला काय झालं आठवा, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, जीव गेले, नोकरीलाच निघालेली माणसं होती ती. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे येणार असं रेल्वेने जाहीर केलंय, पण आज तुमच्या गाडीला नाहीयेत. लटकून वाचवलेला लेटमार्क नको, साहेब काय म्हणतील ते म्हणू देत. फर्स्ट क्लासचा पास काढून फार काही बदलत नाही, लेडीज फर्स्ट क्लास इवलासा असतो आणि तोही भरतो, फक्त भांडणं इंग्लिशमध्ये होतात. एसी लोकलला दार बंद असतं हा मोठा फायदा, ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्या काढून एसी चालवल्या म्हणून तुमच्याच बदलापूरला आणि कळव्याला लोक उतरले होते, तो राग मला समजतो, पण तुमची तब्येत सध्या अशी असताना तुमच्या वेळेला एसी गाडी असेल तर दोन-तीन महिन्यांपुरता तो पास काढायला काही हरकत नाही, त्याच पासवर साध्या गाडीनेही जाता येतं. फक्त ती एक गाडी चुकली तर पुढची एसी कधी, हे आधी बघून ठेवा.

चक्कर येईलसं वाटलं तर ताणून धरू नका, आजूबाजूच्या बायकांना मोठ्याने सांगा, लेडीज डब्यात कितीही भांडणं असली तरी अशा वेळी सीट मिळते, आणि पुढच्या स्टेशनला उतरून बसा. ग्रुपमध्ये एकीला तुमच्या घरचा नंबर देऊन ठेवा. १३९ हा रेल्वेचा हेल्पलाइन नंबर मोबाईलमध्ये असू द्या. हे वाचणाऱ्या कोणी गरोदर असतील तर दिव्यांगांच्या डब्यातून जायची तुम्हाला परवानगी आहे, बऱ्याच जणींना माहीतच नसतं. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करण्याबद्दल कंपनीशी बोलायची तरतूद २०१७ पासून कायद्यात आहे, कंपनीवर सक्ती नाही पण विषय काढायला आधार आहे. आणि पास एक दिवसही संपलेला ठेवू नका, अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न वैध तिकिटाचाच असतो.

परतीचं एक राहिलं. संध्याकाळी सहाला निघून सव्वासहाची फास्ट पकडायला पळू नका. सीएसएमटीलाच दोन गाड्या सोडून बसायला मिळणारी घेतलीत तर घरी पंचवीस-तीस मिनिटं उशिरा पोचाल पण पोचाल तेव्हा बोलायच्या अवस्थेत असाल. तेवढा उशीर घरच्यांना चालवून घ्यावा लागेल, कुकर नवऱ्यालाही लावता येतो.

तर क्रम असा ठेवा ताई: या आठवड्यात डॉक्टर, आजपासून महिनाभर नोंद, महिन्याने मेल, मग तीन महिने ट्रायल मिळाली तर ती पूर्ण करा. नाही मिळाली तर तेव्हा एप्रिल-मेमध्ये घर की नोकरी हा विषय घ्या, शाळेच्या ॲडमिशनच्या आत. सीएंना आत्ता नाही म्हणू नका, "चार महिन्यांनी कळवते" म्हणा, चांगला अकाउंटंट त्यांनाही सहज मिळत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या ऑफिसने वेळ बदलून दिली असेल किंवा जवळच्या शाखेत बसू दिलं असेल तर काय मागितलं आणि कसं मागितलं ते लिहून पाठवा, नाव-कंपनी न देता पुढच्या वेळी छापते. नकार मिळाला असेल तर तोही पाठवा, काय कारण दिलं त्यासकट.